तहानलेला वकील

वाघोबाच्या माळावर जयराम वकील आणि कल्याणचा शेठ भांडत होते, ते मी माझ्या काकडीच्या वेलाआडून ऐकलं. ऐकायचं नव्हतं, पण काकड्या तोडायच्या राहिल्या होत्या, त्याला मी काय करू?

शेठला माळावर बंगले बांधायचे होते. शेतजमिनीवर बांधायचं तर बिनशेती परवानगी लागते, ती काढून द्यायचं काम जयरामकडं. मुरबाड-शहापूरच्या किती बांधकामांच्या फायली त्याच्या हातून गेल्या असतील, देव जाणे.

शेठ म्हणत होता, "कुठंय वाट? गवत आहे नुसतं. वकीलसाहेब, तुम्ही माझे का गावाचे?"

"तुमचाच. म्हणून तर सांगतो, नकाशात वाट सोडा."

शेठची तरी काय चूक? तो आला श्रावणात, गवत कमरेएवढं. आमची वाट दिसते दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, गुरं घेऊन वाघोबाला नारळ फोडायला जातो तेव्हा. मोजणीवाल्यानं विचारलं, तर आमची माणसं म्हणाली, वाटबिट काय नाय. साहेब दिसला की आमी आधी नाय म्हणतो, काय विचारलं ते मग ऐकतो.

जयरामला वाट कळली ती त्याच्या खोडीमुळं. फाईल हातात घ्यायच्या आधी तो जमीन पायी हिंडायचा आणि जवळच्या घरी पाणी मागायचा. पाणी पिऊन झालं की हळूच विचारायचा, इथून कोण जातं? कचेरीत त्याला तहानलेला वकील म्हणत. आमच्या धसईचाच तो, त्याला ठाऊक, ज्याला पाणी दिलं त्याच्याशी आमी खोटं बोलत नाय.

शेठ फाईल घेऊन रागानं गेला, दुसरा वकील केला. वाटेवर कुंपणाचे खांब रोवलेले बघून गावाला जाग आली. आता गुरं न्यायची कुठून? गावानं हरकत घेतली, फाईल अडकली. शेवटी शेठ पुन्हा जयरामच्या दारात. जयरामनं एक टोमणा मारला नाय. त्याची बायको नम्रता मला म्हणाली, "यांनी नाय मारला, मी चहाबरोबर दिला एक." नकाशात वाट सुटली, परवानगीही आली. आता वाघबारशीला पहिला नारळ आपलाच, म्हणून शेठ हटून बसतो.

पुढं जयरामला दम लागायला लागला. डॉक्टरांनी चालणं बंद केलं होतं, तरी ओढ्यापलीकडच्या गोदामाची फाईल आली तसा काठी टेकत माझ्या दारात आला. त्याचं ते शेवटचं काम, पण तेव्हा कोणाला ठाऊक? मी म्हटलं, आता नकाशावर बोट फिरवा नि झालं. तो हसला, तांब्या रिता केला, मिशी पुसली.

"वैनी, इथून कोण जातं?"

"शेजारच्या शीतलची पोरं जातात शाळेला, ओढ्याच्या कडंनं."

तो उठला आणि ओढ्याची कड बघायला गेला.