माईक आईच्या अगदी पुढ्यात होता

मंडळी, आईच्या गाण्याचं जवळून घेतलेलं रेकॉर्डिंग कुणाकडं आहे का, असं मी मागच्या आठवड्यात इथं विचारलं होतं. आई शास्त्रीय गायची. ती गेल्याला महिना झाला. तिच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग आहेत आमच्याकडं, पण त्यात सभागृहच जास्त ऐकू येतं आणि आई कुठंतरी लांब.

पोस्ट वाचून पेठ वडगावच्या एका काकांचा फोन आला. त्यांच्या घरी पूर्वी तिची बैठक झाली होती. आज दुपारी मी त्यांच्याकडं गेले.

काकांनी त्या बैठकीची कॅसेट लावली. तान घेण्याआधीचा तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. बांगड्या वाजल्या. मधेच ती म्हणाली, "पाणी द्या की जरा."

काका डोळे पुसत होते. मी सतरंजीकडं बघत बसले.

"रडू येत न्हाय व्हय, पोरी?"

"न्हाय काका. काहीच होत न्हाय."

"ऱ्हाऊ दे. परत लावू?"

"लावा."

ऊन उतरेपर्यंत आम्ही तेच ऐकत बसलो.

आता घरी आलेय. अजूनही काही वाटत नाही. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का? मग रडू कधी आलं?