आमच्या ह्यांचं फादरपण

आमचे हे, म्हणजे डॉक्टर जयंत साठ्ये, तीस वर्षं लीड्समध्ये लोकांची मनं दुरुस्त करत होते, आणि घरातला टोस्टर बिघडला तरी त्यांना आठ दिवस पत्ता लागायचा नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. बरं, तक्रार म्हणूनच सांगतेय. तीस वर्षं ऐकून घेतलंय, आता बोलू दे मला.

शहात्तर साली इथे आले ते सर्जन व्हायला. पण सर्जरीच्या जागा आपल्या लोकांना कोण देतंय! गोऱ्या डॉक्टरांना नको असायचं ते आपल्या वाट्याला यायचं, म्हाताऱ्यांचे वॉर्ड नाहीतर मनाचे आजार. ह्यांनी दुसरं घेतलं आणि खरंच जीव ओतून केलं, खोटं कशाला बोलू. मी त्यांचीच सेक्रेटरी होते. हे डिक्टाफोनवर बोलायचे, मी कानाला लावून पत्रं टाइप करायची. वीस वर्षं. सगळी पत्रं एकाच साच्यातली. काय त्रास होतो, कधीपासून होतो, मग झोप, मग भूक, मग कशात लक्ष लागतं का. आणि सगळ्यात शेवटी तो एक प्रश्न: जीव नकोसा वाटतो का, काही करून घ्यायचा विचार येतो का? नव्या ज्युनिअर डॉक्टरांना हे दर वर्षी बजावायचे, "विचारल्याने कुणी मरत नाही. न विचारल्याने मरतं."

लोका सांगे ब्रह्मज्ञान! कारण आमच्याच घरात, आमची एकुलती एक, उशिरा झालेली आर्या दिवाळीपासून उतरत चालली होती. मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला होती, घरूनच जायची. जेवण चार घास. केसांना पाणी नाही. मैत्रिणींचे फोन आले तर "सांग मी नाहीये." सकाळी बॅग घेऊन जायची, संध्याकाळी यायची, वर जाऊन दार लावून घ्यायची. मी म्हणायची, "अहो, जरा बघा ना तिच्याकडे. तुमचंच तर काम आहे हे." हे शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणायचे, "एक्झाम स्ट्रेस आहे गं. सगळ्यांना होतो." एकदा नाही, वीसदा सांगितलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी. आणि माझं म्हणाल, तर मलाही विचारायचा धीर नव्हता. सगळे प्रश्न पाठ, तरी मी आपली डबा भरून द्यायची, आणि तो संध्याकाळी कधी कधी तसाच परत यायचा.

अशात आमच्याकडे अग्नेस आली. आमची वरची खोली आम्ही स्टुडंटना भाड्याने द्यायचो. ही इंडोनेशियाची, फ्लोरेस बेटावरची, फिल्मचं एम. ए. करायला आलेली. मला 'इबू' म्हणायची, त्यांच्याकडे आईला म्हणतात तसं. कट्टर कॅथलिक. दर रविवारी चर्चमध्ये मासला जायची, मध्ये वाटलं तर बुधवारीही, गळ्यात क्रॉस, जेवायच्या आधी प्रार्थना. आणि अभ्यासाचा विषय काय, तर भुताचे सिनेमे! मी कपाळाला हात लावला.

सुटकेस भरून डिस्क आणल्या होत्या तिने. आमच्या फ्रंट रूममध्ये बसून ती ते सिनेमे लावायची, आणि हळूहळू आर्या खाली येऊन सोफ्याच्या कोपऱ्यात बसायला लागली. महिनोन्‌महिने जी पोरगी घरी आली की खोलीतून बाहेर पडत नव्हती, ती भुतं बघायला उतरली. मग मीही बसायची. काय करणार! केस सोडलेली पांढऱ्या झग्यातली बाई यायची, लोक किंचाळायचे, आणि शेवटच्या दहा मिनिटांत कुणी मौलवी येऊन मंत्र म्हणायचे, की बाईचा धूर.

अग्नेस चिडायची. भुतावर नाही, दिग्दर्शकांवर. "मौलवींबद्दल माझं काही म्हणणं नाही, इबू. चांगलं काम करतात बिचारे. पण आमच्या बेटावर सगळे कॅथलिक, आमच्याकडे भुतं नाहीत का? आमचा फादर सिनेमात येतच नाही. आलाच तर चक्क डाव्या हाताने छातीवर क्रॉस करतो आणि अर्ध्या तासात मरतो." आणि मग सिनेमा थांबवून ती आम्हाला समजावायची, की खऱ्या चर्चमध्ये असं आरडाओरडा करत भूत काढत नाहीत. आधी डॉक्टरने तपासायचं. मग बिशपने परवानगी द्यायची. मग फादरने जायचं, गळ्यात जांभळा पट्टा घालून, आणि भुताला दोन गोष्टी विचारायच्या: तुझं नाव काय, आणि कधीपासून आहेस. "हे कोणी दाखवतच नाही! मी दाखवणार."

तर बाईसाहेबांना कोर्सची फिल्म करायची होती, वीस मिनिटांची. आमच्या भागातल्या चर्चमध्ये फादर केव्हिन होते, आयरिश, गोड माणूस. त्यांनी हॉल द्यायला साफ नकार दिला. लेंट चालू होता, त्यांचे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, म्हणाले, "या दिवसांत माझ्या हॉलमध्ये सैतान नको, बाळ." आणि वर म्हणाले, "मी तर अंगात आलंय म्हणणारा कुणी आला की आधी डॉक्टर साठ्यांकडे पाठवतो. अकरा वर्षं झाली. अजून एकही माझ्याकडे परत आलेला नाही." अग्नेस धावत घरी आली. डोळे चमकत होते. मला तेव्हाच कळलं, आता ही ब्याद आपल्या घरात येणार.

आमचे हे फादर होणार! देवापुढे कधी हात न जोडणारा माणूस. मी म्हटलं, हे काही हो म्हणायचे नाहीत. पण ह्यांना कोणी "डॉक्टर, प्लीज" म्हटलं की संपलं. बाहेरच्यांना नाही म्हणायचं माहीतच नाही. आणि जिच्या अंगात सैतान शिरलाय ती मुलगी कोण? अग्नेसने आर्याकडे बघितलं. ते खप्पड गाल, ते केस. मला राग आला, खरंच सांगते, माझ्या पोरीच्या दुखण्याची ही वेशभूषा करतेय की काय! पण आर्या म्हणाली, "ओके. आय'ल डू इट. कधी?" चार महिन्यांत तिने पहिल्यांदा कशाला तरी हो म्हटलं होतं. मी तोंड मिटलं. मार्चमधला दुसरा शनिवार ठरला, सकाळी अकरा.

मग माझ्या नाकी नऊ आले. काळा झगा अग्नेसने जुन्या पडद्याच्या अस्तराचा शिवला. जांभळ्या पट्ट्यासाठी माझी विरलेली इरकल कापली, आणि वर मलाच सांगते, "इबू, काठ काढा, फादर लग्नाला निघालेले दिसतात." पांढरी कॉलर मी भांड्याच्या लिक्विडच्या बाटलीतून पट्टी कापून केली. खऱ्या प्रार्थना मात्र तिने म्हणू दिल्या नाहीत. "नाटकासाठी देवाचे शब्द वापरायचे नाहीत." पाणीही साधं नळाचं.

शनिवारी फ्रंट रूमचे पडदे ओढले. आर्या खुर्चीत, हात ओढणीने बांधलेले, सैल. मी दिवा धरून उभी. अग्नेस कॅमेऱ्यामागे. ह्यांनी विचारायचं, "तुझं नाव काय? कधीपासून आहेस?" आणि आर्याने घोगऱ्या आवाजात म्हणायचं, "तीनशे वर्षांपासून!" बस, एवढंच. पण वाक्यं इंडोनेशियन! हे "सियापा नामामु" असं म्हणत होते की मंडईत वांग्याचा भाव विचारतायत. सातदा केलं. एकदा चष्मा विसरले, एकदा कॉलर उडून आर्याच्या मांडीवर पडली, एकदा मध्येच थांबून मला विचारतात, "बॉयलर चालू आहे का गं?" माझा दिव्याचा हात भरून आला. अग्नेस म्हणजे संतमहात्मी, पण तिनेही डोकं धरलं. शेवटी म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या भाषेत म्हणा. काहीही म्हणा. ओठ हलले की झालं, आवाज मी नंतर घालते."

आता मराठीत बोलायचं. आणि आमच्याकडे गंमत अशी, की हे आर्याशी कायम इंग्लिशच बोलायचे. त्यामुळे समोर बसलेल्या मुलीला मराठीत काय विचारायचं, हे ह्यांना सुचेना. जरा घोटाळले. मग खुर्ची ओढून बसले. फादरने उभं राहायचं होतं, पण हे बसले, पुढे वाकले, हात गुडघ्यांवर. ती बैठक मी ओळखते. आणि तो आवाजही, वीस वर्षं कानात घेतलेला.

"नाव काय बाळा तुझं?"

"आर्या."

"काय होतंय?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"कधीपासून?"

मी वाट बघत होते, आता गुरगुरेल, तीनशे वर्षं म्हणेल. ती म्हणाली, "नोव्हेंबरपासून."

"झोप?"

"नाही येतो," ती तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली. "चार वाजता जागी होते रोज."

"खाणं?"

"आई डबा देते. मी बदकांना टाकते. कधी तसाच आणते." मग आपणहूनच म्हणाली, "मी युनीला नाही जाते, बाबा. नोव्हेंबरपासून. रोज कॅनॉलजवळ बसते. पाण्याकडे बघत."

कॅमेरा चालू होता. ह्यांचं तोंड उघडं राहिलं. पुढचा प्रश्न कुठला ते मला माहीत होतं. ह्यांनाही माहीत होता, हजारो लोकांना विचारलेला. पण तो काही येईना. ओठ हलत होते, आवाज नाही. प्लॅस्टिकची कॉलर एका बाजूने वर आली होती आणि मानेला टोचत होती, तीही नीट करायचं सुचत नव्हतं त्यांना. मला त्या क्षणी एवढा राग आला ह्यांचा, आणि एवढी कीव! अहो, विचारा ना. न विचारल्याने मरतं, तुम्हीच सांगायचात ना जगाला?

मी दिवा खाली ठेवला. गुडघ्यावर बसले तिच्यापुढे. मीच विचारलं. "आर्या, तिथे बसून जीव द्यायचा विचार येतो का गं?"

"येतो," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात खूप आला. पण अग्नेसला शनिवारची तारीख दिली होती ना."

मी तिला धरलं. हे खुर्चीतून उठले ते धडपडत, झग्यात पाय अडकून, आणि आमच्या दोघींवर येऊन पडल्यासारखेच बसले. रडले. लग्नाला तीस वर्षं झाली, मी पहिल्यांदा पाहिलं.

अग्नेसने कॅमेरा बंद केला होता. मराठी तिला येत नव्हतं, पण काय घडलं ते कळलं होतं. क्रॉस केला, उजव्या हाताने, आणि पुढे येऊन आर्याच्या हातावरची ओढणी सोडली. मग ती जे बोलली ते ऐकून मला वाटलं, ही मुलगी वेडी आहे का! म्हणाली, "सीन बिघडला. पुढच्या शनिवारी पुन्हा करावा लागेल. अकरा वाजता. आर्या, येशील ना? तारीख देतेस?"

आर्याने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ओके."

सोमवारी ह्यांनी आर्याला आपल्या एका जुन्या सहकारिणीकडे नेलं. स्वतःच्या मुलीला स्वतः तपासायचं नसतं. हे स्वतः बाहेर बसले, कोडं न सोडवता. गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं, युनिव्हर्सिटीतून वर्षभराची सुट्टी घेतली. एका दिवसात काही झालं नाही. कितीतरी दिवस नुसते वाईट होते.

पण दर शनिवारी अकराला आमच्याकडे सैतान असायचा. आणि दर शनिवारी अग्नेस काहीतरी खोट काढायची. उजेड कमी आहे. डॉक्टर, तुम्ही हसलात. इबू, तुमची सावली पडली. आज मागे कुत्रा भुंकला. आणि मग, "आर्या, पुढच्या शनिवारी?" तिची फिल्म ईस्टरआधी द्यायची होती. तिने एक्स्टेन्शन मागितली, मग आणखी एक. तिच्या ट्यूटरचं पत्र आलं, वीस मिनिटांच्या फिल्ममधला एक सीन दोन महिने का चाललाय? तिने ते फ्रिजवर लावलं आणि दुधाची यादी त्याच्या मागे लिहिली. हे तर दर शनिवारी सकाळी उठून नवी कॉलर कापायचे, जुनी चांगली असली तरी. त्या वसंतात आमचं भांड्याचं लिक्विड कायम बरणीत ओतलेलं असायचं. माझ्या किचनची ही दशा!

जूनमधल्या एका शनिवारी पुन्हा पडदे ओढले. मी दिवा धरला. ह्यांनी खुर्ची ओढली, पुढे वाकले आणि विचारलं, "कधीपासून?"

आर्याने केस तोंडावर घेतले, डोळे फिरवले आणि एवढ्या मोठ्याने गुरगुरली की शेजारच्या बाईंनी भिंतीवर ठोकलं. "तीनशे वर्षांपासून!" आणि पुढच्याच क्षणी तिला हसू फुटलं. खुर्चीतून खाली पडेपर्यंत हसत राहिली.

अग्नेस कॅमेऱ्यामागून म्हणाली, "पुन्हा बिघडला." डोळे पुसले, आणि पुढची तारीख मागितली नाही.