तलवारवालीचा शेवटचा शब्द

चेन्नईत वेस्ट मांबलमला ज्या मराठी मुलांकडे मी स्वयंपाक करते, तिथे रविवारी दुपारी एक जण खेळ घ्यायला येई. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो गोष्ट सांगे आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होऊन खेळत. संकटातून कोण सुटणार, ते फाशावर ठरे. आपला फासा तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकी, म्हणजे आकडा त्याला एकट्यालाच दिसे.

घरातली एक मुलगी वर्षभर एक तलवारवाली होऊन खेळत होती. एकदा सोबत्यांना पळता यावं म्हणून तिची तलवारवाली पुलावर राक्षसाला अडवून एकटी उभी राहिली.

"दादा, जरा सोपं कर ना," मुलगी म्हणाली.

"सोपं केलं तर तुझ्या तिथे उभं राहण्याला काय अर्थ?"

त्याने आडोसा बाजूला केला आणि फासा सगळ्यांच्या समोर टाकला. आकडा वाईट पडला. तलवारवाली मेली.

"चला, मॅडम रिकाम्या झाल्या. कॉफी करा आता," एक मुलगा म्हणाला.

खेळ घेणारा हसला नाही. त्याने मुलीला विचारलं, "पडताना ती काय म्हणते?"

तो मान खाली घालून थांबला.

"मागे बघू नका, पळा," मुलगी म्हणाली.

"पळालात," तो बाकीच्यांना हळू आवाजात म्हणाला. "सगळे वाचलात."

नंतर टेबलावरचा फासा उचलायची घाई त्याने केली नाही.