पूजेची सळई

कुणाला हात देण्याआधी कडीसाहेब दाराच्या लोखंडी कडीला हात लावत. लातूरच्या एमआयडीसीतल्या आमच्या डाळमिलमध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा मालकांना वाटलं, माणूस भाविक आहे, दाराला नमस्कार करून आत येतो. त्यांनी खुश होऊन स्पेशल चहा मागवला. खरी गोष्ट अशी होती की साहेबांचे सगळे शर्ट टेरिकॉटचे, थंडीतली हवा कोरडी ठणठणीत, आणि गाडीच्या सीटवर घासून अंगात साठलेली वीज ते मालकांऐवजी कडीला देऊन टाकत होते. देवाशी त्यांचं फारसं जाणं-येणं नव्हतं. पण नाव पडलं ते पडलंच. मी मिलच्या ऑफिसात पत्रव्यवहार पाहायचो. कंपनीच्या पत्रांवर त्यांचं खरं नाव वाचलं की दर वेळी वाटायचं, हे कोण गृहस्थ?

घासल्यावर तयार होणारी वीज हाच त्यांचा धंदा होता. पुण्याच्या एका कंपनीची सळई ते विकत आणि बसवून देत. बोटाएवढी जाड सळई पाइपात आडवी बसवायची, तिच्या गळ्याशी प्लॅस्टिकचं पांढरं कडं, म्हणजे ती पाइपाला टेकत नाही. आतून ब्लोअरच्या हवेने तुरीची डाळ धावते, दाणे सळईला घासून जातात, तेवढ्याने कणभर वीज तयार होते, आणि डाळ किती जोरात चालली आहे ते बाहेरच्या स्क्रीनवर दिसतं. त्याआधी आमच्याकडे पाइप तुंबला की नाही हे काठीने ठोकून पाहत. बहुतेक वेळा तुंबल्याचं कळायचं ते वरून डाळ सांडायला लागल्यावर.

मालकांना स्क्रीन आवडला, पण त्यांना टन पाहिजे होते.

"साहेब, किती टन गेले ते बोला."

"मालक, हे वजन करत नाही. चालू आहे का, कमी आहे का जास्त, एवढं सांगतं. डाळ ओली आली तर तेवढंही नीट सांगत नाही."

विकणाऱ्याने असं बोलायचं नसतं, हे मी त्यांना नंतर बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "आज खोटं बोललो तर उद्या दुरुस्तीला मलाच यायचंय ना."

तरीही मालकांनी उद्घाटन केलंच. 'मराठवाड्यातील अत्याधुनिक' असा फ्लेक्स लागला, एक पुढारी फीत कापायला आले आणि त्यांनी स्क्रीनला वजनकाटा समजून भाषण ठोकलं. कडीसाहेबांच्या गळ्यात हार पडला. तो त्यांनी भाषण संपायच्या आत काढून ब्लोअरच्या मोटरीला घातला. "सगळी हवा तीच देते," म्हणाले. पुढारी माइकसमोर बोलतच होते; त्यांना हे कळलं नसावं.

एक गोष्ट ते आम्हाला वारंवार बजावत. "स्क्रीनवर शून्य दिसलं की घाबरू नका. आधी पाइपाला कान लावा. डाळ थांबली असेल, नाहीतर सळई मुकी झाली असेल. दोन्हीचं शून्य सारखंच दिसतं." डाळ निवडणाऱ्या बायकांची मुकादम गयाबाई, तिच्याकडे आठवड्याला सळई काढून कोरड्या फडक्याने पुसायचं काम त्यांनी सोपवलं होतं.

त्या वर्षी त्यांचं सगळं त्या एका सळईवर अडलेलं होतं. कंपनीला लातूरची एका खोलीची शाखा जड वाटत होती. दसरा झाला की साहेबलोक येऊन आमची सळई पाहणार, ठीक चालली तर खोली राहणार, नाहीतर कडीसाहेबांना पुण्याला हलावं लागणार. त्यांची आई उमरीला. तिला पुणे दाखवून आणलं होतं. "पाणी गोड न्हाई," एवढंच म्हणून ती परत आली होती.

साहेबलोक आले. पाइपात डाळ धडधडत होती आणि स्क्रीनवर शून्य. कडीसाहेबांनी पाइपाला कान लावला, मिल थांबवली, सळई बाहेर काढली. सळईला गळ्यापर्यंत खोबरेल तेल, नेमकं पांढऱ्या कड्यावर हळदकुंकवाचं ओलं बोट, आणि त्यावर डाळीचा भुसा बसून झालेला जाड लेप. सळईची सगळी वीज त्या लेपावरून पाइपात निघून जात होती. खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली होती. सळई तरी कशी सुटेल?

"हा काय प्रकार आहे? कुणी केलं हे?" मोठे साहेब म्हणाले.

गयाबाईने पदर तोंडाशी नेला. मालक तिच्याकडे बघायला लागले होते.

"मी, सर," कडीसाहेब म्हणाले. "आमच्याकडं नवमीला हत्याराला गंध लावतात. लावलं."

देवाशी जाणं-येणं नसलेल्या माणसाने आयुष्यात एकच पूजा केली, तीही न करता.

पुसून बसवल्यावर सळई उत्तम बोलू लागली. ती आमच्याकडे राहिली. खोली मात्र गेली. ज्याला आपलंच यंत्र कळत नाही त्याच्या भरवशावर शाखा कशी ठेवायची, असं मोठे साहेब ऑफिसात माझ्यासमोरच बोलले.

निघण्याच्या दिवशी गयाबाई त्यांना आडवी गेली. "साहेब, खोटं कामून बोललाव?"

"खोटं पचलं याचंच आश्चर्य आहे, गयाबाई. इतकं गोल कुंकू मला जमलं असतं का?"

मग त्यांनी पिशवीतून एक जुनी, बाद झालेली सळई काढली आणि पॅनेलशेजारी खिळ्याला टांगली. "ही पूजेची. हिला तेल लावा, हार घाला, नारळ फोडा. पाइपातलीला फक्त कोरडं फडकं."

मला हात देण्याआधी त्यांनी कडीला हात लावला.

पुढे दर खंडेनवमीला त्यांचा फोन यायचा. "कुंकू कुणाला लावलं?"

"तुमच्या सळईला."

"आणि चालू सळईला?"

"कुणी शिवलं नाही."

"बरं मग." आणि फोन बंद. आई गेली त्या वर्षीही एवढंच बोलले.

गेल्या नवमीला फोन आला नाही. पूजा झाली, खिळ्यावरच्या सळईवर कुंकवाचा आणखी एक थर चढला, मुहूर्ताची म्हणून मिल थोडा वेळ चालू केली. गयाबाई आता कामावर नसते, पण नवमीला येते. तिने विचारलं, "साहेबाचा फोन आला का?"

"नाही."

"मंग कान लावा की."

मी फोन लावला. वहिनींनी उचलला. श्रावणात अर्धांगाचा झटका आला, म्हणाल्या. बोलणं पार गेलंय, ऐकू सगळं येतं.

"वहिनी, फोन त्यांच्या कानाला धरा," मी म्हटलं आणि माझा फोन पाइपाला टेकवला. आतून डाळ धडधडत होती. गयाबाई माझ्या खांद्यावरून ओरडली, "साहेब, ओ साहेब! चालू सळईला न्हाई शिवले बगा मी!"

बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग मी फोन कानाला लावला. तिकडे काहीच ऐकू येत नव्हतं.

"वहिनी?"

"थांबा जरा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "हसायलेत."