न पाहिलेली कव्वाली

माझं शुद्धलेखन चांगलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. अक्षरही वाकडं येतं, ओळ डावीकडून निघते आणि उजवीकडे जाईपर्यंत वर चढते. वाचणाऱ्यानं माफ करावं. पण वाचणार कोण? हे मी माझ्यासाठीच लिहिते आहे. तोंडानं सांगायला गेले की समोरचा माणूस मध्येच आपलं काही सुरू करतो आणि माझं सांगायचं राहून जातं. ही गोष्ट तर मी कोणालाच धड सांगू शकले नाही, कारण ऐकणारा आधी हसतो.

अमरावतीला आमच्या घराच्या मागच्या बोळात चहाचं हॉटेल होतं. मालकानं फोनो आणला होता, त्याचा कर्णा नेमका आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून. सकाळपासून रेकॉर्डी लागायच्या. त्यात एका कव्वालीच्या पार्टीच्या चार-पाच रेकॉर्डी होत्या. ही पार्टी फार जुनी. माझ्या लग्नाआधीपासून तिचं नाव होतं, आणि माझी मोठी मुलगी शाळेत जाऊ लागली तरी ती गातच होती. मुख्य गाणाऱ्याचा आवाज भरदार, सगळ्यांना तोच आवडायचा. मला आवडायचा दुसरा.

तो दुसरा आवाज असा की मुख्य गाणारा एक ओळ टाकून थांबला की खालून कोणीतरी ती उचलायचं. बारीक आवाज. उचलून असा वर न्यायचा की माझी पोळी तव्यावर करपायची. मग टाळ्या पडायच्या आणि तो आवाज त्यात बुडून जायचा. रेकॉर्डवर नाव फक्त मुख्य गाणाऱ्याचं. हा कोण, म्हातारा की पोरगा, काही कळायचं नाही.

शेजारी भिंतीला भिंत लागून एका टेलरमास्तरांचं घर होतं. त्यांच्या बायकोला मी भाभी म्हणायची. गल्लीत माझं बोलणं तिच्याशीच, तेही मागच्या भिंतीवरून.

भाभी म्हणायची, "छोकरा है वो. मिसरूड बी नसन फुटली."

मी म्हणायची, "नाही भाभी, म्हातारा आहे. पोराला असा दम नसतो."

"तुले काय माईत? तू पाह्यला?"

पाहिला नव्हता. तेच तर होतं.

मग एका हिवाळ्यात भाभीच्या माहेराहून, अकोल्याहून, निरोप आला की ती पार्टी अकोल्याला येते आहे. कुस्त्यांच्या दंगलीसाठी गावाबाहेर गोल मैदान बांधलं होतं, चहूबाजूंनी दगडी पायऱ्या. लोक त्याला स्टेडियम म्हणायचे. एका शाळेच्या इमारतीसाठी मदत म्हणून कार्यक्रम होता. तिकीट होतं. बायकांची जागा वेगळी, कनात लावून, आणि पुढच्या पायरीचं तिकीट जास्त.

मी आमच्या घरच्यांना, म्हणजे मुलींच्या वडिलांना, विचारलं. विचारायलाच मला आठ दिवस लागले. ते कचेरीतून आले होते, कोट खुंटीला लावत होते.

ते म्हणाले, "घरी बसून फुकट आयकू येते, तं पैसे देऊन कायले जायाचं?"

"दिसत नाही ना," मी म्हटलं.

"गाणं काय पाह्याची गोष्ट हाये?"

पण जाऊबाई अकोल्याला होत्या आणि चार दिवस ये म्हणून कधीच्या बोलावत होत्या, म्हणून जायला आमच्या घरच्यांनी अडवलं नाही. पैसे मात्र दिले नाहीत. पैसे भाभीनं दिले, पाच रुपये, पुढच्या पायरीचं तिकीट आणि गाडीभाडं धरून.

"मास्तरच्या सदऱ्याची काजं करून फेड," ती म्हणाली. "मले घाई नाई. पर आपल्याले सामनेच बसाचं. मागं बसून पाठी पाह्याच्या काय लोकाच्या?"

दोघी मुलींना सासूबाईंजवळ ठेवलं आणि भाभी, मास्तर आणि मी बडनेऱ्याहून गाडीनं निघालो. मी जाऊबाईंकडे उतरले, ते दोघं भाभीच्या माहेरी.

इथं मला आमच्या घरची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. जाऊबाईंचे मालक म्हणजे आमच्या घरच्यांचे थोरले भाऊ, माझे भासरे. ते अकोल्याला वकिली करत. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांसमोर यायचं नाही. ते घरात शिरताना खाकरतात, आपण आत जायचं. अंगणात गाठ पडलीच तर पदर पुढे ओढून पाठ करून उभं राहायचं. त्यांचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्याकडे बोट करायचं नाही. तेही आपल्याकडे पाहत नाहीत. माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि भासऱ्यांचा चेहरा मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिला होता. पण त्यांचं खाकरणं मी शंभर माणसांत ओळखलं असतं. दोनदा बारीक आणि मग एक मोठं.

मी पोचले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "बरं झालं आली. ते नागपूरले गेले केसपायी, उद्या येतीन. मोकळी राह्य."

मी खरंच मोकळी राहिले. दिवसभर पुढच्या खोलीतसुद्धा बसले. संध्याकाळी निघताना त्यांनी माझं लुगडं पाहिलं आणि नाक मुरडलं.

"पुढच्या पायरीवर बसाची ना तू? मंग हे काय नेसली?" त्यांनी पेटी उघडून आपलं हिरवं, लाल काठाचं लुगडं दिलं. चांगलं जाड, ठसठशीत. "हे नेस."

"तुम्ही पण चला ना."

"मले काय करायचं वं त्या टाळ्या कुटणाऱ्याइचं? माह्या मांडीले कळ लागते दगडावर बसून."

भाभी मला घ्यायला आली, बुरख्यात. दोघी टांग्यानं गेलो.

इतकी माणसं मी त्याआधी एका जागी पाहिली नव्हती. पायऱ्या वरपर्यंत भरलेल्या. बायकांच्या बाजूला दोन्हीकडून कनात आणि समोर उघडं. आम्ही अगदी पहिल्या पायरीवर, मधोमध. समोर थोडं मैदान, मग मंच. मंचावर पांढरी गादी, पेट्या, ढोलक, लोड. मंचाच्या आणि आमच्या मध्ये एका बाजूला कमिटीच्या खुर्च्या तिरक्या मांडत होते, बसणाऱ्याला मंचही दिसावा आणि आमच्या पायऱ्याही. सगळं इतकं जवळ की पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या मला दिसत होत्या. मला वाटलं, आता तो आवाज कुठून निघतो ते मी पाहणार. माणसाचं तोंड उघडताना पाहणार.

पार्टी मंचावर चढू लागली. लोक उठून ओरडायला लागले. एक पगडीवाला चढला, एक लठ्ठ, एक बेंजो काखेत घेतलेला. तेवढ्यात माझ्या समोरूनच कोणीतरी खाकरलं. दोनदा बारीक आणि मग एक मोठं.

माझा हात माझ्याआधी हलला. पदर हनुवटीपर्यंत खाली आला, मान गुडघ्यात गेली.

"क्या हुआ?" भाभी म्हणाली.

"भासरे."

"कौनसे?"

मी काय सांगणार? नाव घेता येत नाही, बोट करता येत नाही, आणि मान वर करून पाहता येत नाही. भिंतीवरचा फोटो आठवून मी म्हटलं, "काळी टोपी. काळा कोट."

भाभीनं पाहिलं. "हां, दिसले. खुर्चीत बसून राह्यले. तोंड इकडंच हाये."

गाणं सुरू झालं. पहिलं झालं, दुसरं झालं. मी पदराच्या आत. जाऊबाईंचं लुगडं इतकं दाट विणीचं की मंचावरचे दिवेसुद्धा नुसते पिवळे डाग दिसत होते. आवाज मात्र सगळे येत होते, आणि घरच्या खिडकीतून येत तसेच येत होते. पाच रुपये उसने घेऊन मी अकोल्याला येऊन तेच ऐकत होते.

"भाभी, अजून तोंड इकडंच आहे?"

"इकडंच. टकमक पाहून राह्यला माणूस. कसा वं तुहा भासरा? शरम नाई?"

मला नवल वाटलं. भासरे असे नव्हते. पण मी विचार केला, कमिटीत आहेत, लक्ष ठेवत असतील.

भाभीच्या डोळ्यांपुढे बुरख्याची जाळी होती. तिला सगळं दिसत होतं आणि ती कोणाला दिसत नव्हती. मध्येच ती म्हणाली, "माहा बुरखा घालतं का? मी तुहा पदर घेतो. कोणाले समजते?"

मी नाही म्हटलं. पलीकडच्या पायऱ्यांवर तिचे मास्तर बसले होते, इतक्या लोकांत तिनं बुरखा कसा काढायचा? ती पुन्हा म्हणाली असती तर मी कदाचित हो म्हटलं असतं. ती पुन्हा म्हणाली नाही.

आणि मग तो आवाज आला. मुख्य गाणारा थांबला आणि खालून कोणीतरी ओळ उचलली. रेकॉर्डवर ती तीन मिनिटांत संपते, इथे संपेना. वर जायचा, थांबायचा, लोक ओरडायचे, पुन्हा त्याच जागेवरून आणखी वर. माझ्या मागच्या बाया उभ्या राहिल्या. कोणाचा तरी पाय माझ्या पाठीला लागत होता. मी पदराची कड दोन बोटांनी धरली, इतकीशी वर केली.

"भाभी, आता?"

"नाई, नाई! पाहूनच राह्यला!"

मी कड सोडून दिली. तो आवाज टाळ्यांत बुडाला, आणि झालं.

बाहेर पडताना मी फक्त माझे पाय पाहत होते. टांग्यात बसल्यावर मी पहिलं हेच विचारलं, "भाभी, तो कोण होता? पोरगा की म्हातारा?"

भाभीनं बुरखा सावरला. मग म्हणाली, "मैं कहाँ देखी? मी तं त्या काळ्या टोपीले पाहून राह्यली होती. तुह्याचसाठी."

मला तिच्यावर रागावताही येईना.

सकाळी जाऊबाई चुलीपुढे बसल्या होत्या. भासरे रात्रीच घरी आले होते, बाहेरच्या खोलीत त्यांचं खाकरणं ऐकून मी मागच्या दारानं आत आले होते. जाऊबाई हळू आवाजात म्हणाल्या, "काल त्याइची केस पुढं ढकलली. स्टेशनावरून कमिटीवाल्यायनं तसंच उचलून नेलं. लई चिडून हायेत."

मी घाबरले. "माझ्यावर?"

"तुह्यावर नाई वं. म्हणतात, इतका जुना गवय्या आला, आन् मले त्याचं नाकबी दिसलं नाई. त्याइनं माहं हिरवं लुगडं वळखलं ना दुरून. त्याइले वाटलं मीच बसली. मंग आठवलं का माही मांडी दुखते, म्हंजे तूच असशीन. तं खाकरले, आन् खुर्ची उलटी फिरवून बसले. पुरा टाइम फाटकाकडं तोंड करून. लोक हसत होते म्हणे, वकीलसायेब रुसले काय म्हणून."

माझ्या हातातलं कणकेचं भांडं मी खाली ठेवलं. "खुर्ची उलटी? पहिल्यापासून?"

"पह्यल्यापासून. काहून?"

मग ती दुसरी काळी टोपी कोणाची होती, ते मला आजवर माहीत नाही. कमिटीत सगळ्यांनाच काळी टोपी असायची, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. कोणी एक परका माणूस बायकांकडे तोंड करून बसला होता आणि त्याच्यासाठी मी पूर्ण कार्यक्रम लुगड्याच्या आत काढला. भासऱ्यांची माझ्याकडे पाठ होती. मी मान वर केली असती तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. आणि मी तिथं नसते तर निदान त्यांना तरी दिसलं असतं.

जाऊबाई हसून हसून ठसका लागेपर्यंत हसल्या. मी हसले नाही. मला अजूनही हसू येत नाही.

अमरावतीला आल्यावर आमच्या घरच्यांनी विचारलं, "पाह्यली कव्वाली?"

मी म्हटलं, "हो."

"मंग? काय येगळं होतं?"

"काही नाही," मी म्हटलं. हे तर खरंच होतं.

त्यानंतर दुपारी मुली शाळेत गेल्या की मी भाभीकडे काजं करायला बसायची. मास्तर सदरे कापून शिवून ठेवायचे, मी ब्लेडनं चीर द्यायची आणि दोऱ्यानं कड बांधायची. शर्टामागे एक आणा. पहिल्या पहिल्यांदा माझी काजं मोठी होत, बटण निसटायचं, मास्तर उसवून परत द्यायचे, त्याचे पैसे नाही. खिडकीतून फोनो ऐकू यायचाच. तो आवाज लागला की मी भाभीकडे पाहायची.

"आठव ना," मी म्हणायची. "तुला दिसलं असेल काहीतरी."

ती आठवायची. एकदा म्हणाली, बेंजोवाल्याला सोन्याचा दात होता. एकदा म्हणाली, कडेला एक म्हातारा कानावर हात ठेवून बसला होता, तोच असेल. मला बरं वाटलं. पण पुढच्या आठवड्यात म्हणाली की त्याच्यामागे एक पोरगाही होता, हिरव्या टोपीचा, आणि तोंड त्याचंही हलत होतं.

"मग दोघांतला कोण?"

"अब मैं कसम कैसे खाऊँ, बहन? दोघायचंबी तोंड हालत होतं."

उन्हाळा लागला तसे सदरे कमी झाले, पावसाळ्यात पुन्हा वाढले. ती पार्टी अमरावतीला येणार अशी एकदा आवई उठली, पण आली नाही. मग मुख्य गाणारा वारला असं हॉटेलवाल्यानं कोणाला तरी सांगितलं, तेही मी खिडकीतूनच ऐकलं.

दिवाळीच्या आधी सदऱ्यांचा ढीग आला. शेवटचा सदरा हातावेगळा करून मी मास्तरांकडून आलेली पावली तशीच भाभीच्या हातावर ठेवली. तिनं ती डब्यात टाकली आणि डबा हलवून पाहिला.

"फिटले तुहे पाच रुपये," ती म्हणाली. "पूरे."

मी सुई दोऱ्याच्या रिळात खोचली आणि घरी आले.