टी ट्री तेलाची सातवी बाटली कुठे आहे?

आज सकाळी आपल्या सरावली गावात एका बाळाच्या तोंडात टी ट्री तेल जाता जाता राहिलं, म्हणून बचत गटाच्या ग्रुपवर हे लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात आपण या तेलाची मोठी बाटली मागवली आणि नेहमीप्रमाणे घरून आणलेल्या रिकाम्या बाटल्यांत वाटून घेतली. लादीला, उवांना, मुरुमांना एकच तेल चालतं म्हणे! मला तेव्हाच शंका आली होती.

आज आपल्या गटातल्या वनिताकडे गेले, तर तिची सून बाळासाठी चमच्यात औषध ओतत होती. वास मात्र त्या तेलाचा आला.

"थांब गं! काय देतेस?"

"खोकल्याचं औषध, काकी. लेबल वाचा ना."

लेबल खोकल्याच्या औषधाचंच होतं. वनिता हसली, "काकींना सगळ्यातच काळंबेरं दिसतं!" मग तिने चमचा हुंगला आणि तसाच माझ्या हातात दिला.

हे तेल पोटात गेलं तर विषबाधा होते. तेव्हा मी लगेच घरोघर फिरले. सात जणींनी तेल नेलं होतं. चौघींच्या बाटल्यांवर औषधाचंच लेबल निघालं! सातवी म्हणते, "माझं सांडलं." पण रिकामी बाटली काही दाखवत नाही.

बाई, तुझ्याही घरात लहान मूल आहे. आणून देतेस, की मी पुन्हा येऊ?

आतापर्यंत माझ्याकडे जमा: सहा बाटल्या आणि वनिताने दिलेला तो चमचा.