डब्याच्या सुट्टीतलं भाषण

गेल्या वर्षी मी दिवसभर कुपवाडच्या एका कारखान्यात पॅकिंगला आणि संध्याकाळी सांगलीच्या कॉलेजात बी.ए.ला होते. इंग्रजीच्या मॅडमनी प्रत्येकाला एकेक जुनं भाषण वाटून दिलं. समजून घ्यायचं, मराठीत आणायचं आणि वर्गात सांगायचं. माझ्या वाट्याला आलं अमेरिकेतल्या एका काळ्या बाईचं, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचं. ती गुलाम म्हणून जन्मली, लहानपणीच विकली गेली. सुटका झाल्यावर बायकांच्या हक्कांच्या एका सभेत उभी राहिली आणि आपण शेतात पुरुषाइतकंच राबलोय, नांगरलंय, कापणी केलीय, मग बाईला बरोबरीचा हक्क का नको, असं तिनं भर सभेत विचारलं.

वाचताना माझ्या अंगावर काटा आला. दोन दिवसांत मी त्याचं मराठी केलं. 'भगिनी', 'समता', 'बाहुबल' असे शब्द सुचले की मीच माझ्यावर खूश व्हायचे.

डब्याच्या सुट्टीत ते बायकांना वाचून दाखवलं. आमच्यात एक मावशी होती, जतकडची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण ड्रिल मशीनवर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तिनं विचारलं, "लिवाया येत हुतं का गं त्या बाईला?"

"नाही. ती बोलली, दुसऱ्यांनी लिहून घेतलं."

"मग ही तिची बोली न्हाई. नांगर धरणारी बाई बाहुबल म्हणती व्हय? दंड म्हणंल, दंड!" आणि तिनं अ‍ॅप्रनची बाही वर सारून आपला दंडच दाखवला. सगळ्या खो-खो हसल्या. मला आधी राग आला. मग वाटलं, अरे, हिला कळलं ते मला कसं कळलं नाही?

पुढचे आठ दिवस आमची सुट्टी त्या भाषणातच गेली. मी इंग्रजी वाक्य समजावून सांगायचे आणि मावशी ते आपल्या बोलीत म्हणून दाखवायची. बाकीच्या मध्येच शब्द सुचवायच्या. भोंगा झाला तरी आमचं चालूच. सुपरवायझर ओरडायला आला आणि दारातच ऐकत उभा राहिला.

मावशीची वाक्यं उतरवलेली वही मी धावतपळत मॅडमना दाखवली. त्यांना आवडली, पण त्यांनी एक गोष्ट सांगितली. या भाषणाची एक नोंद तेव्हाचीच, साध्या भाषेतली. दुसरी बऱ्याच वर्षांनी कुणीतरी लिहिली आणि त्या बाईच्या तोंडी तिची नसलेली बोली घातली, गुलाम बाई अशीच बोलत असणार असं धरून. माझा चेहरा पडला. आम्हीही तेच केलं होतं की!

दुसऱ्या दिवशी मावशीला सांगितलं. "मग तिचं तू साधं सांग," ती म्हणाली, "आन् माझं मी बोलते. माझं तिच्या नावावर नगं."

मॅडमनी तिलाही वर्गात बोलायला बोलावलं, आणि काम सुटल्यावर ती माझ्याबरोबर कॉलेजात आली. वर्गात आधी मी बोलले. मग मावशी टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिली.

"मला कुणी इकलं न्हाई," ती म्हणाली, "काळी म्हणून बोलणी खाल्ली, पर तिनं सोसलं त्ये माझ्यापेक्षा लय मोठं हाय. पर पाच वर्षं मशीन मी चालवते. बिघडलं तर गडीमाणसं मलाच हाक मारत्यात. आन् माझ्या कार्डावर काय लिवलंय? मदतनीस! मी कुणाची मदतनीस, सांगा की!"

वर्गात टाळ्याच टाळ्या. मॅडम उठून उभ्या राहिल्या.

सोमवारी मावशी साहेबांच्या केबिनमध्ये गेली. मागोमाग आम्ही सहाजणी. साहेब आधी हसले, मग म्हणाले बघू. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी हुद्दा बदलण्यासाठी तिचा अर्ज मागवून घेतला आणि महिन्याभरानं मावशी कागदोपत्री ऑपरेटर झाली. आमच्यातल्या आणखी दोघींचे अर्ज अजून पडून आहेत, आणि त्या दर आठवड्याला विचारून येतात.

परवा डबा उघडता उघडता मावशी म्हणाली, "तुज्या पुस्तकात आणखी कुणी बाया बोलल्या असतील की. काढ उद्या."